नकोशा ठिपक्यांचा धनी

फाल्गुन अमावास्या जवळ आली की मी तोरणमाळला जातो. नंदुरबार जिल्ह्यातले सातपुड्याचे हे पठार हजार मीटरहून अधिक उंच आहे. होळी होऊन गेलेली असते, मोहाचा वास सुटलेला असतो. मध्यरात्रीच्या सुमारास कन्या रास जवळजवळ डोक्यावर येते. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला छोटी दुर्बीण हळूहळू सरकवली, की खडूच्या पुसट डागासारखा एक गोल ठिपका सापडतो. ही मेसिए ८७, एक लंबवर्तुळाकार दीर्घिका. तिचा प्रकाश इथवर यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात. ती पाहताना मला दरवेळी चार्ल्स मेसिए आठवतो. त्यानेच ती प्रथम नोंदवली. पण त्याला ती हवी होती म्हणून नव्हे, टाळायची होती म्हणून!

मेसिएचा जन्म १७३० साली लॉरेनमधल्या एका गावात झाला. बारा भावंडांतला तो दहावा. अकराव्या वर्षी वडील गेले. १७४४ मध्ये सहा शेपट्यांचा प्रचंड धूमकेतू आकाशात आला आणि या पोराला कायमचे वेड लावून गेला. एकविसाव्या वर्षी तो पॅरिसला पोचला. अक्षर चांगले, म्हणून दलिल या ज्योतिर्विदाकडे नकलनविसाची नोकरी मिळाली.

हॅलेचा धूमकेतू परतणार होता. दलिलने आखलेल्या चुकीच्या मार्गावर मेसिए दीड वर्ष शोधत राहिला. अखेर २१ जानेवारी १७५९ रोजी तो सापडला. पण दलिलने कित्येक आठवडे ते जाहीरच करू दिले नाही. दरम्यान कळले, की पालिच नावाच्या सॅक्सनीतल्या शेतकऱ्याने तो २५ डिसेंबर १७५८ रोजीच पाहिला होता.

मग मेसिएने ईर्षेने धूमकेतू शोधले. तेरा शोध त्याच्या नावावर आहेत. १७७२ मध्ये पत्नी व नवजात मूल दगावले. त्याही दुःखात त्याला दुसऱ्याने पटकावलेल्या धूमकेतूचीच हळहळ वाटली, अशी आख्यायिका पॅरिसमध्ये पसरली. खरी असो वा खोटी, लोकांना ती खरी वाटावी असाच त्याचा लौकिक होता.

या शोधात एक अडचण होती. काही अंधूक ठिपके हुबेहूब धूमकेतूसारखे दिसत, पण जागचे हलत नसत. त्यांनी फसवू नये म्हणून त्याने त्यांची यादी केली. १८ मार्च १७८१ च्या एका रात्री कन्या राशीच्या परिसरात त्याने असे आठ ठिपके टिपले. त्यांतच ८७ क्रमांकाचा हा ठिपका होता. छापील यादीत एकूण १०३ नोंदी झाल्या.

त्याच वर्षी एका बर्फकोठारात पडून त्याची हाडे मोडली. वर्ष गेले, पण तो पुन्हा दुर्बिणीशी बसला. राज्यक्रांतीत पगार गेला. त्याच्या धूमकेतूची कक्षा मोजून देणारा मित्र १७९४ मध्ये गिलोटिनवर चढला. मेसिए १८१७ मध्ये वारला.

आज त्याचे धूमकेतू कितीजणांना आठवतात? यादी मात्र हौशी निरीक्षकांना पाठ असते. त्या ८७ व्या ठिपक्याला सर्पिल बाहू नाहीत, नवे तारे घडवायला थंड वायूही फारसा नाही. म्हाताऱ्या, पिवळसर ताऱ्यांचा तो महाप्रचंड गोळा आहे. १९१८ मध्ये कर्टिसला त्याच्या गाभ्यातून निघालेला सरळ झोत दिसला. तिथे सूर्याच्या साडेसहा अब्ज पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराचे जे पहिले छायाचित्र पाहिले, ते याचेच.

आयुष्यभर माणूस ज्याच्या मागे धावतो ते निसटते, आणि वाटेतली अडगळ म्हणून जे बाजूला ठेवतो त्यावर त्याचे नाव कोरले जाते. तोरणमाळच्या थंडीत दुर्बीण आवरताना, माझ्या अडगळीत काय पडले असेल, याचा विचार मनात येतोच.