तरवडीचा पेपरवाला

मेसच्या टेबलावर चार पेपर पडलेले असले तरी हात आधी भडक हेडलाइनवाल्याकडेच जातो. वाचक ओढायचा तर जाड टाइप, रंगीत फोटो आणि चटकदार शब्द हवेतच, असं आपण धरून चालतो. मग आपल्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या तरवडीत मुकुंदराव पाटलांनी वाचक कसे मिळवले?

त्यांचा जन्म १८८५ चा. वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढला होता, म्हणजे शाई रक्तातच! मुकुंदराव तरवडीच्या गणपतराव पाटलांच्या घरी दत्तक आले. गणपतरावांचं 'दीनमित्र' मासिक बंद पडलेलं होतं. तेच नाव घेऊन मुकुंदरावांनी १९१० मध्ये सोमठाण्यातून साप्ताहिक सुरू केलं आणि पुढे ते तरवडीला आणलं. पुण्या-मुंबईत नाही, चक्क खेड्यात!

त्यांची सगळी करामत भाषेत होती. श्रीधरस्वामींचं 'शिवलीलामृत', 'पांडवप्रताप' गावोगाव कानावर पडलेलं. यांनी त्याच थाटात 'कुलकर्णीलीलामृत' आणि 'शेटजीप्रताप' रचलं. नाव पोथीचं, पण आत कुलकर्ण्याच्या दप्तरातली लबाडी अन् सावकाराचं व्याज. ज्याला सही येत नाही त्यालाही नुसतं ऐकून कळावं असं. मला तर ही आयडिया कुठल्याही लेआउटपेक्षा भारी वाटते. थट्टा बोचरी असायची, अगदी झोंबणारी. पण आपण अंगठा कशावर उमटवतोय, हे त्यातून शेतकऱ्याला दिसायचं.

१९६७ मध्ये मुकुंदराव गेले. तोवर ५७ वर्षं त्यांनी 'दीनमित्र' चालवला.