बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक

हर्सूलकडून शहरात येताना दिल्ली दरवाजा लागतो. तेथून पश्चिमेकडे थोडे अंतर गेले की बीबी-का-मकबरा. ही इमारत पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात. परंतु याच मकबऱ्याच्या बागेत एका थोर शिक्षकाने आपल्या उमेदीची वर्षे विद्येच्या सेवेत घालविली, हे आपल्या मुलामुलींपैकी किती जणांना ठाऊक असेल? ते शिक्षक म्हणजे मौलवी अब्दुल हक.

त्यांचा जन्म १८७० साली मेरठजवळील हापुड भागात झाला. अलीगढच्या कॉलेजात सर सय्यद अहमद खान यांच्या सहवासाचा व प्रोफेसर आर्नल्ड, मौलाना शिबली यांच्यासारख्या विद्वानांच्या अध्यापनाचा लाभ त्यांना मिळाला. पदवी घेऊन ते हैदराबाद संस्थानात आले. तेथे प्रथम शाळेत मुख्याध्यापक आणि पुढे शाळा तपासनीस झाले. या नोकरीनेच त्यांना औरंगाबादेस आणले.

१९०३ साली स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद १९१२ मध्ये त्यांच्याकडे आले, तेव्हा संस्था जवळजवळ नावापुरतीच उरली होती. मौलवीसाहेबांनी तिचे कार्यालय औरंगाबादेस आणले आणि तिला नवे जीवन दिले. १९२१ पासून येथूनच ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघू लागले. जुनी हस्तलिखिते शोधावीत, पाठ ताडून पाहावेत, प्रस्तावना लिहून ती छापावीत, असे काम वर्षानुवर्षे चालले. वजहीचे ‘सबरस’ त्यांच्यामुळेच वाचकांच्या हाती आले. औरंगाबादचेच लेखक लछमीनारायण शफीक यांचा ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा ग्रंथही त्यांनीच संपादित केला.

उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवावयाचे ठरले, तेव्हा पाठ्यपुस्तकांची मोठी अडचण होती. त्यासाठी १९१७ साली भाषांतर विभाग सुरू झाला व त्याच्या उभारणीची जबाबदारी मौलवीसाहेबांवर आली. पुढे औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे ते प्राचार्य झाले आणि त्यानंतर विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक. आपले आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय हे त्याच कॉलेजचे पुढचे रूप आहे.

मराठी मुलखात राहून मराठीकडे पाठ फिरविणारे ते नव्हते. मराठी भाषेवर फारसीचा कसा प्रभाव पडला, या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. अर्ज, वकील, जमीन, दुकान, कागद हे शब्द आपण रोज बोलतो. या दोन भाषा किती जुन्या शेजारणी आहेत, हे त्यांनी अभ्यासाने दाखवून दिले.

त्यांच्या विद्वत्तेची कदर झाली. १९३७ साली अलाहाबाद विद्यापीठाने आणि १९४१ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच १९३७ साली त्यांचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रसिद्ध झाला. लोकांनी तर त्यांना बाबा-ए-उर्दू ही पदवी केव्हाच बहाल केली होती.

परंतु ज्याला स्वतःला एवढे मान मिळाले, त्याने दुसऱ्याला कोणता मान दिला, तेही पाहिले पाहिजे. मकबऱ्याच्या बागेत नामदेव नावाचा माळी होता. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला, अगदी गरीब. मौलवीसाहेब खिडकीपाशी लिहीत बसत आणि त्यांची नजर त्याच्यावर जाई. तो झाडांना पोटच्या लेकरांसारखा जपे. एका वर्षी पाऊस फार कमी झाला, विहिरी आटल्या, बाग वाळू लागली. नामदेव मात्र लांबून डोक्यावर घागरी आणून, रात्री जागून, रोपांना पाणी घालीत राहिला, आणि त्याचा वाफा हिरवा राहिला. मौलवीसाहेबांनी बक्षीस देऊ केले, ते त्याने घेतले नाही. आपली मुले वाढविण्याचे बक्षीस कोणी घेते का, असा त्याचा विचार. पुढे तो शाही बागेत गेला व तेथे काम करीत असतानाच मधमाश्यांच्या हल्ल्यात मरण पावला.

‘चंद हमअस्र’ या पुस्तकात मौलवीसाहेबांनी हाली, मोहसिनुल्मुल्क, मौलाना मोहम्मद अली अशा नामवंतांची चरित्रे लिहिली. त्यांच्याच पंक्तीला त्यांनी या माळ्याला बसविले. आपल्या अंगचा गुण मेहनतीने पूर्णत्वास नेणारा माणूस थोर, मग त्याची जात वा हुद्दा काहीही असो, ही त्यांची कसोटी होती.

१९३० नंतरच्या दशकात अंजुमन दिल्लीस गेली. १९४७ च्या दंगलीत तिचे कार्यालय लुटले गेले. वृद्ध मौलवीसाहेब पुढे कराचीस गेले आणि तेथेही त्यांनी उर्दू कॉलेज उभे केले. १६ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या कॉलेजच्या आवारातच त्यांची कबर आहे.

आपल्या संस्थांमधून दरवर्षी गुणी प्राध्यापकांचा सत्कार होतो. शाल-श्रीफळ देणे चांगलेच. पण पालकहो, शिक्षकाची खरी कदर त्याचा तास बुडू न देण्यात आहे, आणि मुलगा असो वा मुलगी, शिक्षण अर्ध्यावर न सोडविण्यात आहे. विद्यार्थ्यांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी प्राध्यापक होईल. त्याने ग्रंथ जरूर लिहावेत. मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकावर एखादा नामदेव बसला असेल, तर त्याच्याकडे नजर जाऊ द्यावी.