करून बघणारे फॅरडे

मला मायकेल फॅरडे फार आवडतात. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडात लंडनजवळ झाला. वडील लोहार. घरच्या गरिबीमुळे मायकेलची शाळा लवकर सुटली. १४ व्या वर्षी तो पुस्तके बांधायच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचायचा. पण नुसत्या वाचण्याने त्याचे समाधान होईना. जमेल तसे पैसे साठवून तो त्यातले प्रयोग करून बघायचा. मालक भला माणूस. त्याने मोकळीक दिली.

१८१३ साली फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. १८३१ साली त्यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला. चुंबक हलला की मापकाची सुई हले, थांबला की सुई जागेवर येई. दिसेल ते ते वहीत टिपून ठेवत. चुंबकापासून वीज मिळाली ती अशी! आपल्या कोयनेची वीजसुद्धा याच तत्त्वावर तयार होते.

नाताळात ते मुलांना प्रयोग दाखवून शिकवायचे. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी सहा व्याख्याने दिली. मेणबत्ती विझल्याबरोबर तिच्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावली, की ज्योत खाली उडी मारते. कारण धुरात मेणाची वाफ असते आणि तीच जळते. गुरुजींसमोर मी हे दहा वेळा केले. सात वेळा साधले, तीन वेळा वाऱ्याने फसले. आकडे वहीत आहेत.

फॅरडे १८६७ साली वारले. पालकांना एकच विनंती. आम्ही काही उघडून, जोडून बघायला लागलो, तर त्या दुकानाच्या मालकासारखे वागा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी