चोथ्याचा हिशेब मांडणारे दादा

गळीत हंगामात सांगलीहून कराडला एसटीने जाऊन बघा. खिडकीतून आंबूस-गोड वास आला की समजा, जवळपास कारखाना आहे. तुम्ही नाकाला रुमाल लावाल. पण या वासाच्या आसपास एका माणसाचं निम्मं आयुष्य गेलं. वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजे आपले वसंतदादा.

जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. जेमतेम वर्षाचे असताना साथीत आई-वडील गेले, आजीनं वाढवलं. शाळा सातवीपर्यंत. पुढं बेचाळीसच्या लढ्यात पकडले गेले आणि २४ जुलै १९४३ ला साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खंदकात उडी टाकली. पोलिसांची गोळी खांद्यात घुसली, दोन साथीदार हुतात्मा झाले. दादा तेव्हा पंचविशीतले होते, तुमच्यापेक्षा फार मोठे नव्हते.

हा भाग सगळ्यांना पाठ असतो. मला त्यापुढचा जास्त आवडतो.

१९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्यालाच सांगली नाव मिळालं. या मधल्या काळात दादांनी शेतकरी गोळा करून सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. प्रवरानगरचं उदाहरण ताजं होतं, पण इथं एकेक शेअर गोळा करायला गावोगाव हिंडावं लागलं. पुढं तो आशियातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला गेला.

आता जरा हिशेब करू. एक टन ऊस गाळला की साखर निघते शंभर-सव्वाशे किलो. चिपाडं, म्हणजे बगॅस, २८० ते ३०० किलो. मळी, म्हणजे मोलॅसिस, चाळीसेक किलो. जवळपास तेवढाच प्रेसमड. उरलं ते बहुतेक पाणी. नुसत्या साखरेवर उसाला दर किती देणार? बाजार पडला की शेतकरी मेला. म्हणून साखरेच्या जोडीला आसवनी आली. टनभर मळीतून दोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं.

असाच हिशेब कागदवाल्यांनीही मांडला होता. लाकडाचा लगदा करताना उरणाऱ्या काळपट पाण्यात लिग्निन असतं. सल्फाइट पद्धतीच्या गिरणीतलं हे पाणी अल्कलीत, हवेच्या दाबाखाली तापवलं की व्हॅनिलिन मिळतं. हो, तुमच्या आइस्क्रीममधला तोच वास! १९३० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका कागद गिरणीनं ते बाजारात आणलं, नॉर्वेत आजही लाकडापासून बनतं. मग आपल्या चिपाडातून का नाही? त्यातही वीसेक टक्के लिग्निन आहे की. अडचण अशी की पाइन-स्प्रूसच्या लिग्निनमधून मुख्यतः व्हॅनिलिन येतं, तर उसाच्या लिग्निनमधून त्याच्या दोन भावंडांची भेसळही येते. ती वेगळी करण्याचा खर्च परवडायला हवा ना.

असले प्रश्न सातवी शिकलेल्या माणसानं सोडवायचे नव्हतेच. ते सोडवणारी माणसं हवीत, हे मात्र दादा आणि त्यांच्या बरोबरीच्या सहकारी मंडळींना कळलं होतं. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट निघाली, ऊस पिकवणाऱ्यांच्या पैशातून. तिथं उसाच्या जातींबरोबर साखर आणि अल्कोहोलचं तंत्रही शिकवलं जाऊ लागलं. १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. फीचा आकडा बघितला की तुम्हीही कराल. पण गावाकडच्या किती घरांत पहिला इंजिनिअर त्याच दारातून आला, हेही विचारून बघा.

सगळं गोड झालं नाही. आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागं आठ-दहा लिटर, कधी जास्तच, सांडपाणी उरतं. ते कृष्णेत मिसळलं की मासे तडफडून मरतात. दादांच्या मागं सांगलीचा कारखाना कर्जात रुतला आणि भाडेपट्ट्यानं द्यावा लागला.

१ मार्च १९८९ ला मुंबईत दादा गेले. त्याच वर्षी मांजरीच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. चिपाडं मात्र अजून बहुतेक बॉयलरमध्येच जळतात, वीज होते, आणि लिग्निनची राख.