भामिनीच्या शालूआड

माझं माहेर पेण, सासर रोहा. परवा माहेरी गेले तेव्हा आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात सहज डोकावले. साचा एकच, पण एका मूर्तीला फेटा, दुसरीला मुकुट. रंग चढला की आतली माती दिसतच नाही. मला एकदम बालगंधर्व आठवले.

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८चा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. तेव्हा घरंदाज बायकांनी रंगभूमीवर येणं समाजाला चालत नसे, म्हणून बाईची कामं पुरुषच करायचे. पण गंमत बघा, खऱ्या बायकाच त्यांचं बघून साडी नेसायला, गजरा माळायला शिकल्या!

१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते आणि मग स्वतःच वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्यापुढे जाते. ओळखीचा नुसता घोळ! म्हणजे पुरुष बाई झालेला, आणि ती बाई पुन्हा वेष पालटलेली. त्या दिवशी मात्र या सगळ्याच्या आत एक बापही होता. त्याच दिवशी त्यांची छोटी मुलगी गेली होती. तरी प्रयोग झाला, आणि रंगला.

पुढे १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. वैभव आलं, कर्जही आलं. १९३५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून दिसले. १९६४ला पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ला ते गेले.

त्यांच्या त्या प्रयोगाचं कौतुक आपण सगळेच करतो. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. त्यांच्यासाठी कुठला पडदा होता?

माझी आई गेली आणि महिन्याभरात रोह्याला धाकट्या दिरांचं लग्न होतं. थोरली सून मी. पैठणी नेसून, हसतमुखानं दारात हळदीकुंकू लावत उभी होते. कुणाला काही कळलं नाही. फक्त सासूबाईंना कळलं. त्यांनी मला हाताला धरून माजघरात नेलं, दार लोटलं आणि पोटभर रडू दिलं. मग स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसले.

मैत्रिणींनो, लक्ष्मीबाईंसाठी त्या रात्री कुणी असं दार लोटून घेतलं असेल का हो?