उन्हाने काढलेली चित्रे

ॲना ॲटकिन्स हे नाव आपल्यापैकी फार थोड्या भगिनींच्या कानांवरून गेले असेल. छायाचित्रांनी सजलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून ज्याला मान दिला जातो, ते या बाईंनी घरी बसून सिद्ध केले. आणि तेही कशावर, तर शेवाळावर!

त्यांचा जन्म १६ मार्च १७९९ रोजी इंग्लंडातील केंट परगण्यात टनब्रिज येथे झाला. पुढल्याच वर्षी आई वारली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे रसायन व प्राणिशास्त्राचे जाणकार. पुढे ते ब्रिटिश म्युझियममध्ये अधिकारी झाले. मुलींना शास्त्र शिकविण्याची तेव्हा तिकडेही रीत नव्हती. पण या गृहस्थांनी आपल्या आईवेगळ्या लेकीला आपल्या अभ्यासात बरोबरीने घेतले. लामार्क या फ्रेंच पंडिताच्या शिंपल्यांवरील ग्रंथाचे त्यांनी भाषांतर केले, तेव्हा त्यातील अडीचशेवर चित्रे लेकीने काढून दिली. ते १८२३ साल होते.

१८२५ साली जॉन पेली ॲटकिन्स या व्यापाऱ्याशी विवाह झाला. मूलबाळ झाले नाही. घरी सुबत्ता होती. ती जमैकातील मळ्यांशी जोडलेली होती व तेथे गुलाम राबत, हेही सांगितले पाहिजे. बाईंना वनस्पती जमविण्याचा नाद होता. १८३९ साली लंडनच्या वनस्पतिशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले.

विल्यम हार्वे यांचा ब्रिटनच्या समुद्रशैवालांवरील ग्रंथ १८४१ साली निघाला, पण त्यात चित्रे नव्हती. केसाहून बारीक तंतूंची ही शेवाळे हाताने रेखाटणे महाकठीण. तोच १८४२ साली वडिलांचे स्नेही जॉन हर्शेल यांनी छायाचित्रणाची एक नवी रीत शोधून काढली. लोहाच्या दोन क्षारांचे पाणी कागदाला माखून तो अंधारात वाळवायचा, वर वस्तू ठेवून काचेखाली दाबायची आणि कागद उन्हात मांडायचा. नंतर साध्या पाण्याने धुतला की ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो व झाकलेला पांढरा राहतो. कॅमेरा लागतच नाही. इमारतींचे निळे नकाशे पुढे याच रीतीने निघू लागले.

इंग्लंडातले ऊन ते किती! कुरडया वाळत घालून ढगांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्याला बाईंची तगमग निराळी सांगायला नको. प्रत्येक प्रतीतील प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात धरावे लागे. पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये निघाला. टॉलबट यांचे प्रसिद्ध सचित्र पुस्तक निघाले १८४४ साली. काम दहा वर्षे चालले व सुमारे चारशे पाने झाली. झाडाचे नावही त्या पातळ कागदावर लिहून झाडाशेजारी ठेवीत व तेही उन्हाकडूनच उमटवून घेत.

ती पाने पाहताना मन थबकते. निळ्या पाण्यात पांढरी सावली तरंगते आहे असे वाटते. कुठे जाळीदार लेस, कुठे आकाशात फुटलेली वीज, तर कुठे माणसाच्या शिरांचे जाळे. शास्त्रापुरते म्हणाल तर शेवाळ कागदावर कसेही ठेवले असते तरी चालले असते. पण बाईंनी त्याचा तोल, त्याची लव आणि भोवतीची मोकळी जागा अशी साधली आहे, की किनाऱ्यावर पायाखाली तुडविली जाणारी ही वस्तू ओळखू येत नाही.

१८५२ च्या पहिल्याच दिवशी वडील गेले. बाई खचल्या. बालपणापासून बहिणीसारखी असलेली मैत्रीण ॲन डिक्सन त्या उन्हाळ्यात येऊन राहिली. दोघींनी मिळून नेच्यांचे व फुलझाडांचे ठसे काढले. वडिलांचे चरित्रही बाईंनी १८५३ साली लिहिले. ९ जून १८७१ रोजी त्या निवर्तल्या.

पुस्तकाच्या मोजक्याच प्रती त्यांनी स्नेह्यांना व संस्थांना वाटल्या होत्या. त्यांवर नावाऐवजी ‘ए. ए.’ एवढीच अक्षरे होती. शतक सरता सरता एका संग्राहकाच्या हाती एक प्रत आली, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ त्याने ‘कोणी अनामिक हौशी’ असा लावला. हर्शेल यांना दिलेली प्रत आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. निळा रंग अजून उतरलेला नाही.