अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलीने पुस्तक हाती धरले की समाज नाक मुरडीत असे, त्या काळी ताराबाईंना घरातूनच उत्तेजन मिळाले, आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचा संसार झाला, तो फार काळ टिकला नाही. त्यानंतर राजकोट येथे शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या काळी हा मान हिंदी स्त्रीच्या वाट्यास सहसा येत नसे.

हे पद त्यांनी सोडले. भावनगरास गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. मूल मारून शिकत नाही, ते हातांनी शिकते, हे मारिया मॉंटेसरी यांचे तत्त्व तेथे प्रत्यक्ष चाललेले होते. १९२३ साली ताराबाई गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. मानाची व पगाराची जागा टाकून तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे, हे पुष्कळांना शहाणपणाचे वाटले नसेल.

विद्यार्थी मित्रहो, मॉंटेसरी पद्धतीतील साधने तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिली असतील. एकावर एक रचावयाचे लहानमोठे दहा गुलाबी ठोकळे, खाचेत बरोबर बसणारे दट्टे, बोट फिरवून ओळखावयाची खरखरीत कागदाची अक्षरे. साधने मोठी बुद्धीने योजलेली आहेत. मुलाचे चुकले तर दट्टा खाचेत बसत नाही, म्हणून शिक्षकाने रागे भरण्याचे कारणच उरत नाही. पण ती महाग. एका शाळेत तर ती मोडतील या भीतीने काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली मी पाहिली आहेत, आणि मुले बाहेरून काचेला नाक लावून उभी!

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे शहरातील मध्यमवर्गीय मुले येत. पण खेड्यांत हे जाणार कसे, ही त्यांची खरी चिंता होती. १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या.

बालवाडी निघाली, पण जी मुले यावयास हवी होती ती येईनात. आईबाप पहाटेच मजुरीस जात. थोरली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी राही. दोष मुलांचा नव्हे, शाळेचा, असे ताराबाईंनी ठरविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. मग वस्तीतीलच एखाद्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी. नाहूमाखू घालणे, नखे काढणे, खरजेला औषध लावणे हे आधी, आणि शिक्षण मागून.

आता साधनांचा प्रश्न. गुलाबी ठोकळे अंगणात कोठून येणार? ताराबाईंनी भोवताली पाहिले. समुद्रकाठी शंखशिंपले होते. झाडाखाली बिया, पाने, फुले, काटक्या होत्या. खडे आणि माती तर फुकटच. रंग, आकार, लहानमोठेपणा, संख्या, सारे यांतून शिकविता येई, आणि ही साधने मुलांनी आपल्याच हातांनी गोळा केलेली असत. हरवले तर रडणे नाही, कपाटाला कुलूप नाही. वाचकांनी हे घरी करून पाहावे. माझ्या पाच वर्षांच्या भाचीपुढे मी एकदा ओंजळभर खुबे व तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवल्या. तासभर ती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावीत बसली होती. मी काहीच शिकविले नव्हते, आणि जेवावयास हाक मारली तेव्हा तीच माझ्यावर रागावली.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. मुले गुरे राखावयास रानात जात. गुरे सोडून शाळेत बसली तर घरचे पोट कसे चालावे? तेव्हा शिक्षक कुरणात जाऊ लागले. तिचे नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी शाळेस लागूनच पाळणाघर झाले, म्हणजे थोरल्या बहिणीचे हात मोकळे होऊन तिला पाटी धरता यावी. या पाळणाघराविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मला मात्र ताराबाईंच्या साऱ्या योजनांत तीच अधिक मोलाची वाटते, कारण वर्गातून गळणाऱ्या मुली आपण शिक्षक रोजच पाहतो.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. दोनच वर्षांनी, १९७५ च्या ऑक्टोबरात, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले. १९९२ साली त्याही गेल्या.